वाड्याचा खिळा कुठे मिळतो?

या व्याख्यानमालेत लढाया झाल्या, तह झाले, मोडी दप्तरं झाली. आज खिळ्यांबद्दल बोलायचं आहे. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे, गज, म्हणजे जुन्या घरातलं लोखंड आणि पितळ. प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. समजा एक जुना वाडा दुरुस्तीला काढलाय. पन्नास दारांपैकी सात दारांच्या कड्या गेल्यात, चार बिजागऱ्या मोडल्यात, दिंडीचे खिळे गंजून डोक्यापासून तुटलेत. हे सामान आणायचं कुठून?

सोपं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. हार्डवेअरच्या दुकानात जायचं. स्टेनलेस स्टीलची बिजागरी मिळते, स्क्रू पाकिटासकट मिळतात, दार उघडतं, लागतं, काम संपलं. दुसरं उत्तर हौशी माणसाचं असतं. तो म्हणतो, पुण्यातल्या जुन्या बाजारात जाऊ, मुंबईला चोरबाजारात जाऊ, तिथे अस्सल जुनी कडी मिळते. माझं म्हणणं असं आहे की ही दोन्ही उत्तरं घाईची आहेत, आणि दुसरं कधीकधी पहिल्यापेक्षा जास्त नुकसान करतं. ते कसं, त्याच्याकडे मी येणारच आहे. पण आधी वाड्यात लोखंड किती होतं आणि कुठे होतं ते पाहू, नाहीतर शोधायचं काय हेच कळणार नाही.

तर पहिली गोष्ट म्हणजे वाड्यात लोखंड फार कमी असतं. पेशवाईतला एखादा चौसोपी वाडा डोळ्यांसमोर आणा. खांब, तुळया, वरचा कडीपाट, सगळं लाकूड, आणि चांगल्या वाड्यात सागवान. खांब दगडी तळखड्यावर उभा. त्याच्या डोक्यावर तुळई. जोड कसा? लाकडात लाकूड बसवून, फार तर लाकडाचीच खुंटी ठोकून. घराचा भार लाकूडच लाकडाला देतं, लोखंडाला तिथे कुणी विचारत नाही. लोखंड येतं ते लाकडाचं चालत नाही तिथे. दाराच्या फळ्या मागच्या आडव्या पट्ट्यांना धरून ठेवायला. खिडकीला गज म्हणून. कडी म्हणून, साखळी म्हणून. आणि मोठ्या दरवाजावर सुळे म्हणून. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे सुळे तुम्ही पाहिलेत. हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीला ते लावलेत असं आपण शाळेच्या सहलीत ऐकतो. ते खरंच आहे, पण मी तिथे गेलो की सुळ्यांपेक्षा त्यांच्या मधल्या गोल डोक्याच्या खिळ्यांकडे जास्त बघतो. सुळा शत्रूसाठी असतो, खिळा दारासाठी.

आता दार फिरतं कशावर? किल्ल्यांचे, देवळांचे, वाड्यांचे मोठे दरवाजे बिजागरीवर फिरतच नाहीत. फळीच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचा खुंटा सोडलेला असतो. खालचा दगडातल्या खळग्यात बसतो, वरचा चौकटीच्या आडव्या लाकडातल्या भोकात. त्या दोन टोकांवर अख्खं दार फिरतं. बिजागरी या शब्दाचंच बघा ना. तो आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला, मूळ शब्द बिसाग्रा. चावी हाही त्यांचाच, शावे. आणि कुलूप अरबी-फारसीतून. म्हणजे नुसतं दार लावून कुलूप घालून चावी खिशात टाकली, तरी तीन मुलखांचा इतिहास हाताखालून जातो. यावरून पोर्तुगीज येण्यापूर्वी इथे बिजागरी नव्हतीच असं मात्र म्हणू नका. शब्द आला म्हणजे वस्तूही त्याच दिवशी आली, असं होत नाही. एवढंच खरं की जुन्या मोठ्या दाराला बिजागरी शोधत बसलात, तर जी कधी नव्हतीच ती शोधत बसाल. अशी दुरुस्ती झालेली दारं मी पाहिलीत. खुंटा झिजला म्हणून कापून टाकला आणि तिथे जाडजूड पोलादी बिजागरी ठोकली. दाराचं वजन आता बाजूच्या चौकटीवर लटकतं, ती चौकट त्यासाठी केलेलीच नव्हती, आणि काही पावसाळ्यांत दार खाली ओघळतं.

लोखंड कमी का, याचं कारण सरळ आहे. ते महाग होतं. दगडातून लोखंड काढायचं तर कोळसा लागतो, आणि तो कोळसा म्हणजे लाकूड जाळून केलेला. आपल्या सह्याद्रीत धावड नावाचे लोक हे काम करत. महाबळेश्वरच्या बाजूला, खाली कोल्हापूरकडे, जांभ्या दगडातलं लोखंड ते लहान भट्टीत भात्याच्या जोरावर काढत. भट्टीतून निघायचा तो गोळा, छिद्रं असलेला, मळीने भरलेला. तो पुन्हा तापवायचा, घणाने ठोकायचा, मळी बाहेर काढायची, परत तापवायचा. एवढं झाल्यावर गावच्या लोहाराकडे पट्टी यायची. एकोणिसाव्या शतकात जंगलं सरकारी बंदोबस्तात गेली, विलायती लोखंड बोटींनी स्वस्त येऊ लागलं, आणि या भट्ट्या विझल्या.

लोखंडाची ही किंमत जगभर होती. अमेरिकेत व्हर्जिनिया वसाहतीत १६४५ च्या सुमारास कायदा करावा लागला की जागा सोडून जाताना जुनं घर जाळू नये. लोक घर जाळायचे का? राखेतून खिळे वेचता यावेत म्हणून! नवीन घराला तेच वापरायचे. आपल्याकडेही सुतार वाकडा खिळा टाकत नसे. ऐरणीवर सरळ करून पुन्हा ठोकायचा. हे लक्षात ठेवा, पुढे याचं काम आहे.

आता खिळा वाचायचा कसा? कारण तो वाचता येतो. लोहाराने हाताने घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता होत जातो. त्याच्या डोक्यावर हातोड्याच्या घावांचे चपटे पैलू दिसतात, आणि एक खिळा दुसऱ्यासारखा नसतो. त्यानंतरचा प्रकार कापीव खिळ्यांचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लोखंडी पत्र्यातून खिळे कापणारी यंत्रं आली. जेकब पर्किन्सचं पेटंट १७९५ चं आहे. हा खिळा दोनच बाजूंनी निमुळता असतो, उरलेल्या दोन बाजू समांतर, कारण पत्र्याची जाडी सगळीकडे सारखीच. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारेचा खिळा, म्हणजे आपण आज खिळा म्हणतो तो. गोल अंग, गोल चपटं डोकं.

स्क्रूचंही असंच. जुन्या स्क्रूला टोक नसायचं. तो बोथट असायचा, आधी पूर्ण भोक पाडूनच बसवावा लागायचा, आणि डोक्यावरची खाच बरेचदा मधोमध नसायची कारण ती हाताने करवतीने पाडलेली. टोकदार स्क्रू यंत्रावर करायचं पेटंट अमेरिकेत १८४६ मध्ये झालं, आणि १८५४ नंतर बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड यांनी ते तंत्र घेऊन असे स्क्रू ढिगाने काढले. अधिकच्या चिन्हाची खाच तर १९३० च्या दशकातली. तेव्हा पेशवेकालीन म्हणून दाखवलेल्या दारावर ती खाच दिसली, तर निदान तो स्क्रू बाजीरावाने पाहिलेला नाही. (हशा)

ली नेल्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्ये खिळ्यांवरून इमारतीचा काळ कसा ठरवावा यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. अजूनही लोक ती वापरतात. पण तिथल्या तारखा उचलून पुण्याला लावायच्या नाहीत. वस्तू बोटीने यायला वेळ लागतो, ती परवडायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि आपला लोहार तारेचा खिळा बाजारात आल्यावरही घडीव खिळे करतच होता. शिवाय मघाशी सांगितलं तसं, जुना खिळा नव्या घरात जातो. त्यामुळे नुसता घडीव खिळा दिसला म्हणून घर जुनं ठरत नाही. उलट बाजूने मात्र पुरावा पक्का असतो. पाटात तारेचा खिळा असेल, आणि तो पाट पहिल्यापासून त्याच खिळ्याने धरलेला असेल, दुसरं भोक कुठे नसेल, तर तो पाट त्या खिळ्याच्या जन्मानंतरच बसला. खिळा 'कधी' हे सांगत नाही, 'याच्या आधी नाही' एवढं सांगतो. इतिहासात एवढं ठामपणे सांगणारे साक्षीदार फार नसतात.

विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. १८७९ मध्ये पुण्यात आगी लागल्या, बुधवारवाडा गेला, विश्रामबागवाड्याचाही भाग जळाला आणि तो नंतर पुन्हा उभा केला. म्हणजे एकाच वाड्यात दोन काळांची सुतारकी शेजारी शेजारी. लाकडावरचं कोरीव काम नकलेत जमू शकतं, चांगला कारागीर ते करतो. पण आतला खिळा? त्याची नक्कल करावी असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसणार. कोरीव काम बघायला माणसं येतात, खिळा बघायला कुणी येत नाही. म्हणूनच खोटं बोलायची त्याला कधी गरज पडली नाही.

मग दुरुस्तीत काय होतं? हे साक्षीदार आधी काढले जातात. सुताराला दोष नको, त्याला सांगितलेलंच तसं असतं. गंजके खिळे गोणीत भरतात आणि किलोवर भंगारात जातात. सरकारी कामाच्या निविदेत दरसूची असते, डीएसआर म्हणतात त्याला. त्यात हाताने घडवलेला खिळा ही बाबच सहसा नसते. बाब नाही म्हणून दर नाही, दर नाही म्हणून ठेकेदार जे सूचीत आहे ते लावणार. वारशाचं नुकसान दरवेळी कुणाच्या दुष्टपणाने होतं असं नाही. कित्येकदा ते एक्सेलच्या तक्त्यातल्या रिकाम्या ओळीमुळे होतं.

आता लोखंडाकडेच वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. समजा तुम्ही ठरवलंत, पैसे आहेत, वेळ आहे, लोहारही आहे. तो खिळा कशाचा करणार? जुना खिळा ज्या लोखंडाचा आहे ते लोखंडच आज बनत नाही.

नीट सांगतो. तीन गोष्टी आहेत. बीड, म्हणजे ओतीव लोखंड. ते ठिसूळ असतं, हातोडा मारला तर तुटतं. घडीव लोखंड, ज्यात कार्बन अगदी नगण्य आणि मळीचे बारीक धागे लांबीला पसरलेले. आणि पोलाद. वाड्यातलं लोखंड हे घडीव. इंग्लंडमध्येही १७८४ मध्ये हेन्री कॉर्टने नवी भट्टी काढली तेव्हा त्यातून घडीव लोखंडच निघायचं, फक्त जास्त आणि स्वस्त. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत आली, पोलाद स्वस्त झालं, आणि घडीव लोखंडाचे दिवस मोजले गेले. ब्रिटनमधला शेवटचा व्यापारी कारखाना बोल्टनला होता, तो १९७० च्या दशकात थांबला. त्याची यंत्रं श्रॉपशरमधल्या ब्लिस्ट्स हिलच्या संग्रहालयात नेली. आपल्याकडे टाटांच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडलं १९१२ मध्ये. त्याआधी मुंबई-पुण्यात एकोणिसाव्या शतकात जी लोखंडी पट्टी आली ती बरीचशी बोटीने आलेली. आणि आज बंगल्याच्या फाटकाला आपण 'रॉट आयर्न' म्हणतो ना, ते नावापुरतं. ते साधं मऊ पोलाद असतं, पाइप आणि पट्ट्या वाकवून वेल्डिंग केलेलं.

फरक पडतो का? पडतो. घडीव लोखंड लाकडासारखं असतं, त्याला रेषा असतात. निरुपयोगी तुकडा घ्या, छिन्नीने अर्ध्यापर्यंत खाच मारा आणि वाकवा. घडीव लोखंड असेल तर बांबू किंवा ओला फाटा मोडावा तसं तंतू दाखवत फाटतं. पोलाद असं फाटत नाही. लोहाराला तर हे चाचणीशिवायच कळतं, हाताला कळतं. घडीव लोखंड पांढरं होईपर्यंत तापवता येतं आणि त्या तापात दोन तुकडे नुसत्या हातोडीने एक होतात. जुन्या कडीचं वेटोळं असंच जोडलेलं असतं. जोड शोधूनही सापडत नाही.

इंग्लंडमध्ये जुने नांगर, साखळ्या, पुलांचे गज वितळवून नव्हे, तर तापवून पुन्हा लाटून दुरुस्तीच्या कामांना विकतात. आपल्याकडे असं दुकान शोधू नका. पण कच्चा माल आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींचे कठड्यांचे गज, जुन्या पुलांचे सळे, हे भंगारात येतात. नगाने नाही, किलोने. ज्या अभियंत्याला ती खाच मारायची चाचणी माहीत आहे, त्याने भंगारवाल्याकडे अर्धा दिवस घालवला तर एका वाड्यापुरतं घडीव लोखंड मिळण्याचा संभव आहे. अँटिकच्या दुकानातल्या चार कड्यांच्या पैशात!

आणि घडवणार कोण? गावोगावचे बलुतेदार लोहार कमी झाले हे खरं. पण घिसाडी समाज अजून आहे. रस्त्याच्या कडेला भाता, ऐरण मांडून विळे, खुरपी, कुऱ्हाडी करतात. बायका उभ्या राहून घण मारतात, पुरुष सांडशीत लोखंड धरून हातोडीने ताल देतो. ट्रकच्या पाट्यापासून ते धारेची हत्यारं करतात, म्हणजे कठीण पोलाद त्यांच्या हाताखालचं. त्यांना मऊ घडीव लोखंड दिलं तर खिळा अवघड नाही. नमुना मात्र द्यायला हवा, कागदावरचं चित्र नव्हे. त्याच वाड्यातला एक जुना खिळा हातात द्यायचा आणि म्हणायचं, असे दोनशे. पहिले वीस वाया जातील, त्याचे पैसेही द्यायचे. निविदेत न बसणारी गोष्ट ती हीच.

आता बाजाराकडे येतो. मघाशी मी म्हटलं की जुन्या बाजारातून अस्सल कडी आणणं जास्त नुकसानीचं ठरू शकतं. पुण्याचा जुना बाजार रविवार-बुधवारचा, मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट, ओशिवऱ्याकडची जुन्या फर्निचरची दुकानं. मी तिथे जातो, तासन्‌तास हिंडतो. मला तो बाजार आवडतो, आणि तिथल्या कित्येक दुकानदारांचं लोखंडाचं आणि पितळेचं ज्ञान आमच्या क्षेत्रातल्या पदवीधरांपेक्षा जास्त असतं. पण तिथली कडी आली कुठून? कुठल्यातरी दारातून. ते दार कुठल्यातरी वाड्याचं. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचा पूर आला, नदीकाठच्या पेठांमधली कितीतरी घरं बसली. त्यानंतर पुनर्विकासाने राहिलेली एकेक करून खाली येतायत. वाडा पाडायचा ठेका घेणारा सागवान आणि जुनं सामान किती निघेल याचा अंदाज बांधूनच भाव ठरवतो. म्हणजे जुन्या कडीला जितकी किंमत येईल, तितकं वाडा उभा ठेवण्यापेक्षा पाडणं फायद्याचं. आपण एक वाडा वाचवायला कडी विकत घेतो आणि दुसरा पाडायला हातभार लावतो.

आणि दुसरं नुकसान इतिहासाचं. ती कडी तिच्या घरातून सुटली की तिचं गाव गेलं. सातारची की नाशिकची, माजघराची की देवघराची, कुणी सांगत नाही. आता तुम्ही ती तुमच्या वाड्यात बसवलीत. दिसायला छान, वयाने बरोबर. पन्नास वर्षांनी एखादी मुलगी अभ्यासाला येईल, तुमच्या वाड्यातल्या कड्यांची मापं घेईल, आणि लिहील की या भागात असे दोन प्रकार प्रचलित होते. तिची काही चूक नाही. पुरावा तुम्ही घुसवलात. नवी स्टीलची कडी निदान 'मी नवी आहे' असं ओरडून सांगते.

त्यात नकली मालही आला. मिठाच्या पाण्यात बुडवून, आम्ल लावून चार दिवसांत शंभर वर्षांचा गंज चढवता येतो. पितळेची नक्कल ओळखायची एक खूण सांगतो. मूळ वस्तू वाळूच्या साच्यात दाबून तिच्यावरून ओतली, तर पितळ थंड होताना आक्रसतं, शंभर मिलिमीटरला साधारण दीड मिलिमीटर. म्हणजे नक्कल मूळ वस्तूपेक्षा लहान असते, आणि नकलेची नक्कल आणखी लहान. नक्षीच्या कडा बोथट होतात ते वेगळंच. त्यामुळे दुरुस्तीसाठी पितळी मुठी ओतायच्या असतील तर जुन्या मुठीवरून थेट साचा घेऊ नये, तेवढा फरक धरून वेगळा नमुना करावा. चौकटीतल्या जुन्या खाचेत दीड मिलिमीटर फार असतो.

मुंबईच्या इमारतींची गोष्ट वेगळी आहे, थोडक्यात सांगतो. तिथलं सामान लोहाराचं नाही, कॅटलॉगमधलं आहे. काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलचा तर अख्खा लोखंडी सांगाडाच इंग्लंडमध्ये ओतून १८६० च्या दशकात इथे जोडला. ग्लासगोच्या मॅकफर्लेन यांच्या सारासेन फाउंड्रीची कॅटलॉगं नंबरवार नमुन्यांची असत. कठडा हरवला तरी नंबर सापडला की नमुना सापडतो. तिथे शोध लोहाराकडे नाही, ग्रंथालयात करायचा. आणि बोल्टच्या आट्यांकडे लक्ष ठेवायचं. १८४१ मध्ये व्हिटवर्थने ज्या आट्या ठरवल्या त्या इंचातल्या, त्यांचा कोनही आजच्या मेट्रिक बोल्टपेक्षा वेगळा, ५५ अंशांचा. जबरदस्तीने मेट्रिक नट बसवला तर जुन्या आट्या खलास. आपल्या मिस्त्र्यांना विचारा, ते अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. कायद्याने इंच गेला, १९५६ मध्ये तसा कायदाच झाला, पण मिस्त्रीच्या तोंडात सूत राहिलं. जुन्या मापाचा शोध घेताना हे फार कामाला येतं.

तर मग सामान आणायचं कुठून? माझा क्रम असा. आधी त्याच वाड्यात शोधा. माळ्यावर, बळदात, जिन्याखाली मोडकं सामान पडलेलं असतं. आणि दारांवरच्या रंगाखाली शोधा. ऑइलपेंटचे सात थर खरवडले की 'गेलेली' कडी तिथेच असते, फक्त चिकटून बसलेली. मागच्या कोठीच्या दाराची बिजागरी पुढच्या दाराला लावता येते, आणि नवी घडवलेली मागे लावता येते. तेवढ्याने न भागलं तर घडवा. बाजारात नमुना बघायला जा, माहिती विचारायला जा. नमुने बघायला त्याहून चांगली जागा म्हणजे पुण्याचं केळकर संग्रहालय. तिथली कुलपं बघा, दारं बघा. दिनकर केळकरांनी ज्या काळात या वस्तूंना भंगार म्हणत त्या काळात त्या जमवल्या. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भागही त्यांनी तिथे आणून उभे केले. मी आत्ता जे बाजाराबद्दल बोललो त्या हिशेबाने हेही मूळ जागेवरून उचलणंच झालं की, असं कुणी म्हणेल. पण तिथे कुठून आणलं हे नाव सोबत आलं. फरक तेवढाच, आणि तो मोठा आहे.

नव्या घडवलेल्या वस्तूवर मागच्या बाजूने वर्ष ठोका. अगदी लहान, छिन्नीने, बोटाला लागेल एवढं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलंय की गेलेल्या भागाच्या जागी जे बसवाल ते एकूणात मिसळून जावं, पण मूळ भागापासून ओळखूही यावं. मिसळायचंही आणि ओळखूही यायचं, यावर परिषदांमध्ये तासन्‌तास वाद होतात. लोहाराच्या कामात तो वाद चार आकड्यांत सुटतो.

काही प्रश्न आलेत, दोन घेतो.

प्रश्न: जळून गेलेला वाडा पूर्ण नव्याने, जुन्या पद्धतीने बांधावा का? शनिवारवाड्याबद्दल अशी मागणी होते.

अमेरिकेत विल्यम्सबर्गला हे झालंय. १९२६ पासून रॉकफेलरांच्या पैशातून अठराव्या शतकाचं गाव उभं केलं. १७८१ मध्ये जळालेला गव्हर्नरचा वाडा १९३० च्या दशकात पायावर पुन्हा बांधला. तिथे त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. खिळे घडवणारे लोहार, विटा भाजणारे, सुतार अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या कामावर राहिली. ट्रेमाँट नावाच्या १८१९ सालच्या कारखान्याचे कापीव खिळे अशा दुरुस्त्यांमुळेच खपत राहिले. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, आणि वरच्या मजल्यांबद्दल आपल्याकडे पुरेसं माप नाही. कल्पनेने सात मजले उभे करण्याच्या मी विरुद्ध आहे. पण त्याच पैशात उभ्या असलेल्या वाड्यांसाठी पाच लोहार दहा वर्षं कामाला लावता येतील, त्याला माझा पाठिंबा आहे.

प्रश्न: आमचा नाशिकचा वाडा पुढच्या महिन्यात पाडला जाणार आहे. घरच्यांचं ठरलंय. आम्ही काय ठेवावं?

ठरलंय तर मी वाद घालत नाही. पाडायच्या आधी दोन दिवस काढा. प्रत्येक दाराला खडूने नंबर घाला आणि बाहेरून, आतून, बंद आणि उघडं असे फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. मग प्रत्येक दाराची एक कडी, एक बिजागरी आणि तीनचार खिळे काढून घ्या. खिळा कानशीने घासून चकचकीत करू नका, गंजासकट राहू द्या. कापडाच्या पिशवीत घाला, चिठ्ठीवर पेन्सिलीने दाराचा नंबर, खोलीचं नाव आणि गाव लिहा. शाईने नको, ती ओलीने जाते. दुसरी एक चिठ्ठी बाहेर बांधा. बाकीचं सामान ठेकेदाराने नेलं तरी या पिशव्या नेऊ देऊ नका.